वाचक विचारतात : सहल म्हणजे वॉटर पार्कच का?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या चिठ्ठ्या घरी येतात आणि आमच्याकडे पत्रं, मेसेज सुरू होतात. यावेळी जवळजवळ सगळेच प्रश्न पहिली ते चौथीच्या मुलांना कुठे न्यायचं आणि नेऊन तिथे करायचं काय याबद्दल आलेत. त्यातले काही घेतेय. ठिकाणं बहुतेक सोलापुरातलीच, नाहीतर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशी.

प्रश्न : ताई, मुलगा तिसरीत आहे. शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला. पैसे बरेच घेतात आणि हा घरी येऊन फक्त स्लाइडचं सांगतो. नाही पाठवलं तर एकटा पडतो. काय करू? – एक आई, जुळे सोलापूर

पाठवा हो त्याला. मित्रांबरोबर दिवसभर पाण्यात खेळणं ही पण मुलांची गरजच आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. पण त्याला शैक्षणिक सहल म्हणू नये एवढंच माझं म्हणणं आहे, आणि हे मुख्याध्यापकांना सांगायला काही हरकत नाही. नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, चारपाच पालक मिळून तयार प्लॅन घेऊन जा, म्हणजे ठिकाण कुठलं, जायचं कसं, खर्च किती, सोबत कोण कोण येणार. शाळांना खरं तर हेच सगळं जमवायला वेळ नसतो म्हणून ते पॅकेजवाल्याला देऊन मोकळे होतात. आता शाळांत आनंददायी शनिवार पण आहे, म्हणजे शनिवारी पुस्तकांऐवजी हाताने करायचे उपक्रम, त्यामुळे अर्ध्या दिवसाचं काही सुचवलंत तर शाळा नाही म्हणायची शक्यता कमी.

आणि शाळा करेल तेव्हा करेल, तुम्ही रविवारी सुरू करा. चार पुतळ्यांजवळून तुम्ही रोज गाडीवर जात असाल. एकदा गाडी लावून उतरा आणि मुलाला चारही नावं त्याची त्याला वाचू द्या : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० साली याच गावात मार्शल लॉ लागला होता आणि या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. मार्शल लॉ म्हणजे काय हे आठ वर्षांच्या मुलाला सांगायला लागलं की आपल्यालाच आधी नीट विचार करावा लागतो, त्यातच खरी गंमत आहे. तिथून भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तिथे जाताना घरातला पृथ्वीगोल नाहीतर नकाशा पिशवीत टाका. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८ ला चीनमधल्या जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ ला तिथेच वारला, वय फक्त ३२. मुलाला बोटाने सोलापूर ते मुंबई आणि मुंबईहून समुद्रातून चीन असा रस्ता काढायला लावा. एका सकाळी एवढं पुरे. तिसरं ठिकाण त्याच दिवशी कोंबू नका.

प्रश्न : मी पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील यंत्रमागावर नाहीतर विडीच्या कामाला आहेत. सहलीचे पैसे मागायची मला लाज वाटते. शून्य खर्चात काही होईल का? – एक शिक्षिका

मॅडम, तुमच्याकडे जे आहे ते पुण्याच्या महागड्या शाळांना पैसे देऊन मिळत नाही. तुमच्या वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या वडलांच्या कारखान्यात जा. मालकांना आधी भेटा, दुपारी कामाची गर्दी कमी असते ती वेळ मागून घ्या आणि एकदम सगळा वर्ग न नेता आठ-दहा मुलांचे गट करा. कारण मागांचा खडखडाट एवढा असतो की मागच्या मुलाला काही ऐकू येत नाही, आणि पट्टे, फिरती चाकं यांच्यापासून प्रत्येक मूल हाताच्या अंतरावर ठेवणं वीसतीस जणांत जमत नाही. ओढण्या, सैल बाह्या, मोकळ्या वेण्या बांधून टाका. आणि मालकांना एक माग पाच मिनिटं बंद ठेवायची विनंती करा, सगळं त्यातच आहे.

बंद मागावर काय दाखवायचं? उभे धागे ताण्याचे, आडवा धागा बाण्याचा, तो घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. इथपर्यंत मुलांना घरचंच माहिती असतं. आता नजर वर न्या. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं नक्षी विणायचं यंत्र असतं आणि त्यात पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ लटकत असते, प्रत्येक कार्डावर भोकं. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिचा ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा मधून जातो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. चादरीवरचा मोर आधी या भोकांमधे असतो. कारखान्यात जुनं खराब झालेलं कार्ड असेल तर एक मागून घ्या आणि मुलांच्या हातात द्या, डोळ्याला लावून आरपार बघतील, भोकं मोजतील, मोजू द्या. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बनवलं आणि पुढे सुरुवातीच्या कॉम्प्युटरला माहिती द्यायला अशीच भोकांची कार्डं वापरली गेली. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं चालतं हे चौथीच्या मुलाला अगदी व्यवस्थित कळतं. काही ठिकाणी आता कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, तसं असेल तर मालकांनाच विचारा की आधी कसं होतं, ते आनंदाने सांगतात.

शाळेत परत आल्यावर चौकटीच्या वहीत चौकोन भरून प्रत्येकाने एक नक्षी काढायची, भरलेला चौकोन म्हणजे भोक. मग वहीच्या जाड पुठ्ठ्याला वर-खाली खाचा पाडून दोरा ताणायचा आणि जुन्या साडीच्या चिंध्या आडव्या विणायच्या. घरची सोलापुरी चादर उलटी करून बघायला सांगा, पुढे फुलाला जो रंग तो मागच्या बाजूला जमिनीला, असं का झालं यावर वर्गात भांडणं होऊ द्या. गणित, कला, परिसर अभ्यास सगळं एका मागावर होतं.

आणि एक फार महत्त्वाचं. त्या दिवशी समजावून सांगायचं काम त्या मुलाच्या वडलांना द्या, तुम्ही नका सांगू. ते अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत सांगतील, मुलं एकमेकांना भाषांतर करून देतील. जो मुलगा वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतो त्याचा बाबा आज सगळ्यांचा सर झालाय हे तो विसरत नाही, आणि वर्गही विसरत नाही.

प्रश्न : नातीला माळढोक दाखवायचाय. नान्नजला कधी जावं म्हणजे दिसेल? – एक आजोबा, होटगी रोड

आजोबा, स्पष्टच सांगते. माळढोक दिसेल या आशेने नातीला नेऊ नका, ती हिरमुसेल. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात, आपल्याकडे दिसणं म्हणजे नशिबाचीच गोष्ट. पण नान्नजला जरूर जा, आणि माळ बघायला म्हणून जा.

अभयारण्य १९७९ साली झालं, सोलापूरहून बार्शी रोडला वीस-बावीस किलोमीटर. थंडीत सकाळी लवकर पोचा, वनखात्याच्या लोकांना विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणेच आत जा. काळवीट दिसतील, नर काळा आणि पिळाच्या शिंगांचा, मादी भुरी. नात विचारेल की रंग वेगळा का, लगेच उत्तर देऊ नका. लांडगा, खोकड दिसले तर उत्तमच. चंडोल गवतातून सरळ वर उडत गाणं म्हणतो आणि दगडासारखा खाली येतो, तो बघायला दुर्बीण लागत नाही. काळविटाचे नर आपली हद्द दाखवायला एकाच जागी लेंड्या टाकतात, तो ढीग सापडला तर मुलं घाण वाटून घेत नाहीत, उलट खाली बसून बघतात, कारण ती खूण आहे आणि खुणा शोधायला मुलांना फार आवडतं.

आता हाताने करायचं काम. दोनतीन मीटर सुतळी न्या, वाटेच्या कडेला जिथे परवानगी आहे तिथे जमिनीवर तिचं रिंगण टाका आणि नातीला सांगा, या रिंगणात वेगवेगळी गवतं किती, किडे किती, बिळं किती. काही तोडायचं नाही, फक्त चित्र काढायचं. मोठ्या माणसाला जिथे नुसतं वाळलेलं रान दिसतं तिथे तिला भरपूर काही सापडेल, लिहून ठेवा.

मग माळढोकाची गोष्ट सांगा, न दिसलेल्या पक्ष्याची गोष्टच जास्त लागते. एवढा मोठा पक्षी, नर तर १५ किलोपर्यंतचा, तरी घरटं झाडावर नाही, अंडं घालतो ते उघड्या जमिनीवर, तेही बहुतेक एकच. म्हणून त्याला मोकळं, शांत गवत लागतं, आणि आपण तर माळाला पडीक म्हणतो, पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. शिवाय त्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात आणि अंग जड, त्यामुळे उडताना विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत. त्या तारा नातीला परतीच्या रस्त्यात दाखवा. यावर ती जे विचारेल त्याची उत्तरं आपल्या पिढीने द्यायची आहेत.

प्रश्न : भुईकोट किल्ल्यात नेलं तर मुलं अर्ध्या तासात कंटाळली आणि बागेत घसरगुंडीकडे पळाली. किल्ल्यात मुलांनी बघायचं तरी काय? – एक बाबा, शेळगी

बघायला सांगितलं म्हणूनच कंटाळली. एक काम द्या : तुम्ही शत्रू आहात, कुठून आत शिराल? आता मुलं आपोआप खंदक बघतात, दुहेरी तट बघतात, दरवाजा वाकडा का वळवलाय ते बघतात, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने पाण्यातून यावं लागेल हे त्यांना स्वतःला कळतं. दोन बुरुजांमधलं अंतर पावलांनी मोजा, मग बाबाच्या पावलांनी मोजा, आकडे वेगळे का आले? भिंतीत मधेच कोरीव काम असलेले दगड दिसतात, जुन्या देवळांचे. ते शोधायची पैज लावा. बहामनी काळातला किल्ला १८१८ ला इंग्रजांकडे गेला एवढी तारीख चौथीपर्यंत बास झाली. घसरगुंडी शेवटी ठेवा, आधी सांगून ठेवा की आहे.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. कुडलचा शिलालेख जवळच, पण चौथीच्या मुलांना हजार वर्षांपूर्वीची अक्षरं काय कळणार असं सहकारी म्हणतात. न्यावं का? – एक गुरुजी

गुरुजी, न्याच. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात, ते बघायलाच आधी अर्धा तास द्या. दोन्ही पाण्याचा रंग वेगळा दिसतो का, कुठली नदी कुठून आली, उजनीचं पाणी यातल्या कुठल्या नदीत आहे, हे नकाशावर शिकवताना मुलं जांभया देतात आणि काठावर उभी राहिली की नाही देत. पाण्यात मात्र कुणीही उतरायचं नाही, एकही मूल, एकही शिक्षक, हे बसमधेच ठरलेलं पाहिजे.

शिलालेख संगमेश्वराच्या देवळात तुळईवर आहे, शके ९४० चा. मुलांना शकात ७८ मिळवायला सांगा, १०१८ येईल. आता आजचं साल घेऊन वजाबाकी, किती वर्षं झाली ते फळ्यावर न सांगता त्यांचं त्यांना काढू दे. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी हा लेख उजेडात आणला, गावोगाव फिरून शिलालेख शोधणारे माणूस, हेही सांगा, म्हणजे इतिहास शोधणारी माणसं आपल्याच गावात असतात हे मुलांना कळेल. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कालोल्लेख असलेल्या लेखांत याचं नाव घेतात आणि त्यातली ओळ आहे ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होईल. चौथीच्या मुलाला याच्याहून चांगली ओळ कुठली दाखवणार? अक्षर अक्षर लावत वाचलं की वर्गात आरडाओरडा होतो, होऊ द्यावा.

दगडाला हात लावणं, खडू फिरवणं, कागद लावून पेन्सिल घासणं काही नाही. त्याच्याऐवजी शाळेत ओल्या मातीच्या पाट्या करा, प्रत्येकाने खिळ्याने आपली एक ओळ कोरायची, जी हजार वर्षांनी कुणीतरी वाचावी असं वाटतं ती. कोरताना कळतं की वेलांटी किती अवघड, आणि दगडावर कोरणाऱ्याला खोडरबर नव्हतं. तिथेच बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आणि सगळं लिंग मिळून ३६० मानतात, मोजायला वेळ ठेवा, गटाने रांगा वाटून घेतल्या तर गुणाकार करावाच लागतो.

एसटीने जाणार असाल तर शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, आगारात जरा लवकर अर्ज द्या, सीझनमधे गाड्या मिळत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, तिला फार कमी दिसतं. सहलीच्या वेळी बाई प्रेमाने म्हणतात की तिला घरीच राहू द्या, तिला काय दिसणार. मी काय बोलू? – एक आई, विजापूर रोड

बोला की तिला न्यायचंच आहे. हे प्रेमाने बोललेलं असलं तरी चूक आहे आणि तुम्ही ते मान्य करू नका.

खरं तर जिथे हाताने करण्यासारखं काही आहे तिथे तिचं काही अडत नाही. आवाजावरून माग चालू आहे की थांबला ते ती पहिली सांगेल. सूत, टॉवेल, चादर, तिन्हींचा पोत तिच्या बोटांना बाकीच्यांपेक्षा नीट कळेल. लक्ष्मी मार्केटमधे भाजी, मसाला, फुलं यांच्या वासावरून गल्ल्या ओळखायचा खेळ सगळ्या वर्गाने डोळे बांधून खेळावा, तिला त्यात लीडर करा. बाईंना सांगा की तिच्यासोबत एक ठरलेली मैत्रीण असेल, समोर काय आहे ते ती बोलून सांगत राहील, आणि पहिल्या वेळी गरज वाटली तर मी येईन. ठिकाणाच्या लोकांना आधी फोन करून विचारा की कुठल्या वस्तूंना हात लावू देणार. केगावकडे विद्यापीठाजवळ जे विज्ञान केंद्र आहे तिथे बरीच उपकरणं हाताने फिरवून, ओढून, दाबून बघायचीच असतात, सुरुवात तिथून केली तर बाईंचा पण धीर वाढेल.

प्रश्न : पहिलीतल्या मुलीला सहलीला पाठवायची भीती वाटते. काय काय विचारून घ्यावं? – एक आई, बाळे

भीती वाटणं बरोबरच आहे, सहा वर्षांची आहे ती. विचारा : किती मुलांमागे किती मोठी माणसं? पहिलीला दहामागे एक तरी हवं, सोबत बाई हव्यातच. ठिकाणी पाणी आहे का, म्हणजे नदी, तलाव, विहीर. जवळचा दवाखाना कुठे. परतायची वेळ अंधारापूर्वीची आहे का. आणि बाथरूम. हे कुणी विचारत नाही. बाथरूम नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, सोलापूरच्या उन्हात डोकं दुखून, उलट्या होऊन परत येतात आणि सगळे म्हणतात बस लागली. आधी जाऊन बघून आलेलं बाथरूम नसेल तर ते ठिकाण रद्द, माझं मत एवढं ठाम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधेच काय ते जाऊन या, मार्चनंतर उघड्यावर नको.

प्रश्न : सहलीनंतर शाळा अहवाल लिहून मागते, शेवटी तो मीच लिहितो. – एक बाबा, अशोक चौक

लिहू नका दादा. बाईंना चिठ्ठी द्या की मुलगा चित्र काढेल आणि तोंडी सांगेल. घरी त्याला ‘मजा आली का’ विचारलं तर ‘हो’ येतं आणि संपतं. त्याऐवजी ‘तिथे कशाचा वास होता, तुला काय कळलं नाही’ असं विचारा. कळलं नाही त्याची यादी तीनचार ओळींची झाली तर तोच अहवाल, बाईंनी तो वर्गात वाचावा.

प्रश्न : हुरड्याला शेतावर नेणार आहोत तिसरीच्या मुलांना. खाण्याखेरीज त्यात शिकण्यासारखं काय करता येईल? – एक शिक्षिका, मोहोळ

आधी पोटभर खाऊ द्या, गरम कणीस हातावर चोळून दाणे काढणं, फुंकर मारून कोंडा उडवणं हे शिकणंच आहे, आणि सोबत शेंगा चटणी असेल तर मुलं तिथून हलणार नाहीत.

मग शेतकरी दादांना मुलांसमोर एकच विचारा : पाऊस तर दिवाळीच्या आधीच गेला, मग ही ज्वारी पाणी पिते कुठून? उत्तर पायाखाली आहे. आपली काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि मालदांडीसारखी रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. मुलांना हातभर खड्डा करू द्या, वरची माती कोरडी आणि खालची हाताला गार लागते. थोडी काळी माती आणि रस्त्याकडेचा मुरूम पिशवीत भरून शाळेत आणा. प्लास्टिकच्या दोन बाटल्या अर्ध्या कापायच्या, बुडाला सारखी भोकं, एकीत माती, एकीत मुरूम, खाली वाट्या. दोन्हीत एकएक पेला पाणी ओता आणि कुठल्या वाटीत किती उतरलं ते मोजा. मग बाटल्या खिडकीत ठेवून रोज वजन करा, किराणा दुकानातला काटा चालतो, आणि तक्ता मुलांना भरू द्या. मुरमाची बाटली किती दिवसांत हलकी होते आणि मातीची किती दिवसांत, आकडे मला नक्की पाठवा, पुढच्या महिन्यात इथेच छापू.